कोथरूडमधला बंगला आणि मागचं दार: व्यसनमुक्त निवासासाठी केलेल्या एका पाहणीचं प्रकरण

उपचार संपवून बाहेर पडलेला माणूस राहणार कुठे, हा प्रश्न आमच्या गटाला दोन वर्षं छळत होता. गटात आम्ही सात जण. तिघींचे नवरे दारूतून बाहेर आले आहेत, दोघे स्वतः सोबर, म्हणजे दारू सोडून राहिलेले, मित्र आहेत, एक निवृत्त बांधकाम अभियंता आहेत ज्यांना सगळे काका म्हणतात, आणि मी व्यसनमुक्ती समुपदेशक. पुण्यात उपचारांची वानवा नाही. येरवड्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून उभं आहे, आणि तिथला ३५ दिवसांचा उपचार महाराष्ट्रभरच्या घरांना माहीत आहे. अडचण सुरू होते ती छत्तिसाव्या दिवशी. माणूस त्याच खोलीत परततो. तोच कोपरा, तीच पानटपरी, संध्याकाळी हाक मारणारे तेच मित्र. पहिले तीन महिने सगळ्यात नाजूक, आणि नेमके तेच महिने तो सगळ्यात एकटा.

अमेरिकेत यावर एक साधा उपाय निघाला. १९७५ साली मेरिलँड राज्यातल्या सिल्व्हर स्प्रिंग गावी ऑक्सफर्ड हाऊस नावाचं पहिलं घर सुरू झालं. भाड्याचं घर, खर्च सगळ्यांनी वाटून घ्यायचा, निर्णय मतदानानं, आणि जो प्यायला त्यानं घर सोडायचं. डॉक्टर नाही, वॉर्डन नाही. आम्हाला याच जातीचं घर पुण्यात हवं होतं. फक्त एक केअरटेकर आम्ही वाढवला, कारण रात्री दोन वाजता घरच्यांचा फोन आला तर तो उचलणारं कोणीतरी पाहिजे.

जागा सापडली कोथरूडमध्ये, पौड रस्त्याच्या आतल्या बाजूला. १९८४ चा बंगला, तळमजला आणि वर एक मजला, पुढे आंब्याचं झाड. मेट्रोचं स्टेशन चालत बारा मिनिटांवर. २०२४ पासून वनाझहून थेट येरवड्यापर्यंत गाडी न बदलता जाता येतं, त्यामुळे फॉलोअपला जायला कोणाला 'लांब पडतं' हे कारण सांगता येणार नव्हतं. भाडं आमच्या ऐपतीच्या काठावर होतं. एजंटनं घर दाखवताना हसत सांगितलं, "ताई, सोळा कॉट आरामात बसतील."

सोळा बसल्या नाहीत. कशा बसल्या नाहीत, तेच पुढे मांडते.

दिवसाची पाहणी

पहिल्यांदा गेलो ते रविवारी सकाळी अकराला. काका, मी आणि आमचे भाऊ. भाऊ म्हणजे गटातले नऊ वर्षं सोबर असलेले मित्र. काकांच्या हातात छोटी हातोडी, टॉर्च आणि मोजपट्टी. ते गच्चीपासून सुरुवात करतात, कारण जुन्या बंगल्याचा आजार वरून खाली उतरतो असं त्यांचं म्हणणं.

गच्चीच्या कोपऱ्यात पाणी साचल्याचा काळा डाग होता. बरोबर त्याखालच्या खोलीत छताला हातोडी टेकवली तर दोन हात जागेत भदभद आवाज आला. प्लास्टर सुटलेलं, आतली सळई गंजलेली. कठडा जेमतेम मांडीपर्यंत. वायरिंग लाकडी पट्टीतून नेलेलं, मीटरपाशी चिनी मातीचे जुने फ्यूज, शॉक लागल्यावर वीज तोडणारा स्विच कुठेच नाही. आणि वरच्या बाथरूममध्ये गॅस गिझर. काका दारातच थांबले. त्या बाथरूमला एकच खिडकी, तीही काच लावून बंद केलेली. गॅस गिझरमधून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग. बंद बाथरूममध्ये माणूस आंघोळ करता करता गप्प खाली बसतो. "हा आज निघाला पाहिजे, इथे कोणीही राहायला येवो," ते म्हणाले. घरमालकीणबाईंनी तिसऱ्याच दिवशी तो काढून घेतला, याचं मला फार बरं वाटलं.

खोल्या मोजल्या. अमेरिकेतल्या नॅशनल अलायन्स फॉर रिकव्हरी रेसिडेन्सेसच्या निकषांत झोपायच्या खोलीत माणशी किमान ५० चौरस फूट आणि सहा जणांमागे एक संडास, एक बेसिन, एक न्हाणी असा हिशेब आहे. आपल्याकडे तो बंधनकारक नाही, पण समोर काहीतरी माप हवं म्हणून आम्ही तोच धरला. वर १२ बाय १४ च्या खोलीत तीन, ११ बाय १२ मध्ये दोन, १० बाय १० मध्ये दोन. खाली मागच्या बाजूच्या १० बाय ११ च्या खोलीत दोन. एकूण नऊ. जिन्यालगतची चिंचोळी खोली केअरटेकरची. कोणालाही एकट्याची खोली द्यायची नाही, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. सुरुवातीच्या महिन्यांत बंद दाराआडचा एकांत माणसाला फार लवकर जुन्या ठिकाणी नेतो.

एजंटचे बाकीचे सात पलंग कुठे होते? चार वरच्या मागच्या खोलीत. ती खोली म्हणजे मुळात उघडी गच्ची, नंतर पत्रा टाकून बंद केलेली. मंजूर नकाशात ती नव्हती, भोगवटा पत्रातही नव्हती. उरलेले तीन हॉलमध्ये, सोफ्याच्या जागी. अशा ठिकाणी माणूस राहतो असं म्हणवत नाही. त्याला तिथे ठेवलेलं असतं.

भाऊंची पाहणी वेगळीच चालली होती. ते संडासात गेले आणि फ्लशच्या टाकीचं झाकण उचलून आत बघितलं. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. नंतर माळ्यावर हात फिरवला, पाण्याच्या मीटरचं लोखंडी झाकण उघडलं, तुळशीवृंदावनाच्या मागची पोकळी बघितली. मी विचारलं तेव्हा शांतपणे म्हणाले, "ताई, माझी बाटली अकरा वर्षं फ्लशच्या टाकीत होती. गार राहते, आणि बायको तिथं हात घालत नाही." त्यांनी सुचवलं की तिन्ही टाक्या काढून भिंतीतला व्हॉल्व्ह बसवावा आणि माळा फळ्या मारून बंद करावा. त्याचं कारण त्यांनी सांगितलं ते मी लिहून ठेवलं आहे. लपवायच्या जागा कमी केल्या म्हणून दारू सुटत नाही. पण ज्याला राहून राहून त्या टाकीकडे बघावंसं वाटतं, त्याच्या डोक्याला तेवढा आराम मिळतो.

स्वयंपाकघर चांगलं होतं. सिलिंडर बाहेर ओट्याखालच्या जाळीत, हवा खेळती. पाण्याचं गणित जमलं: माणशी १३५ लिटर धरले तर दहा माणसांना दिवसाला १३५० लिटर लागतं, वरची टाकी १००० ची आणि खालची तिप्पट, महापालिकेचं पाणी रोज सकाळी. औषधांसाठी कुलपाचं कपाट केअरटेकरच्या खोलीत. खोकल्याची औषधं, थिनर, व्हाइटनर, सॅनिटायझर घरात उघडं राहणार नाही. पंखे वजन पडलं की खाली येणाऱ्या स्प्रिंगच्या दांड्याचे घ्यायचे. दारू सुटल्यावरच्या पहिल्या काही आठवड्यांत मन फार खाली जातं आणि ते घरच्यांनाही लवकर कळत नाही, म्हणून हा खर्च आम्ही यादीत वर ठेवला.

दुपारी दोनला आम्ही बाहेर पडलो तेव्हा काकांच्या वहीत दुरुस्तीचे चौदा मुद्दे होते आणि सगळे पैशानं सुटणारे होते. मी मनातल्या मनात घर घेऊन टाकलं होतं. भाऊ मात्र फाटकापाशी रेंगाळले. "घर बघितलं," ते म्हणाले, "पण बारा वाजता कोणाला तलफ येते? सातला येऊ या."

संध्याकाळी सात

या प्रकरणातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ती ही, म्हणून इथे जरा थांबते.

मंगळवारी पावणेसातला आम्ही मेट्रो स्टेशनवर उतरलो आणि कामावरून घरी येणारा माणूस चालेल तसे चालत निघालो. दोन रस्ते होते. सरळ रस्त्यावर स्टेशनपासून २१० पावलांवर बिअर शॉपी. दिवसा तिच्यासमोरून आम्ही गाडीनं गेलो होतो आणि ती आमच्या लक्षातही आली नव्हती. आता तिच्यासमोर मोटारसायकली लागल्या होत्या. दुसरा रस्ता बागेच्या कडेनं जातो, चार मिनिटं जास्त लागतात, पण वाटेत दवाखाना, किराणा आणि मुलांची घसरगुंडी. हा रस्ता आम्ही नकाशावर हिरव्या पेनानं काढला. जो नवा येईल त्याला पहिल्या दिवशी बरोबर घेऊन याच रस्त्यानं चालवायचं.

मग घराच्या मागे गेलो. मागच्या अंगणात पत्र्याचं फाटक आहे, ते एका बोळात उघडतं. रविवारी दिवसा त्या बोळाच्या टोकाला एक बंद शटर दिसलं होतं आणि आम्ही गोदाम समजून सोडून दिलं होतं. आता शटर अर्धं वर होतं, पिवळा बल्ब लागला होता, एक मुलगा रिकाम्या बाटल्यांचे क्रेट एकावर एक रचत होता. पलीकडे भुर्जीची गाडी. तव्यावर कांदा पडला की वास थेट आपल्या अंगणात. तो एका परमिट रूमचा मागचा दरवाजा होता. पुढचं तोंड मोठ्या रस्त्यावर, म्हणून पत्त्यावरून तो आमच्या घरापासून लांब वाटायचा. बोळातून मोजलं तर ६४ पावलं.

भाऊ फाटकात हात ठेवून उभे राहिले. नऊ वर्षांनंतरही त्यांचा आवाज बदलला होता. "क्रेटचा आवाज ऐकला का? मी आतल्या खोलीत झोपलो असतो तरी मला तो आवाज कळला असता."

मी म्हटलं, फाटक वेल्डिंग करून कायमचं बंद करू. भाऊंनाही तेच हवं होतं. काकांनी मान हलवली. घराला जिना एकच, तोही पुढे, पावणेतीन फूट रुंद. सगळ्या खिडक्यांना लोखंडी ग्रिल. पुढच्या बाजूला आग लागली तर माणसांना सुटायला मागचं दार आणि हे फाटक एवढीच वाट. "तुम्ही दारूपासून वाचवाल आणि धुरात कोंडाल," काका म्हणाले. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून अग्निसुरक्षेची यंत्रणा ठीक असल्याचा दाखला, म्हणजे फॉर्म बी, लागतो. पण कागद लागो न लागो, बाहेर पडायची दुसरी वाट बंद करायची नाही, यावर ते अडून बसले.

हा वाद तीन दिवस चालला. माझी अडचण खरी होती. घरच्यांना मी काय सांगू, मागून ६४ पावलांवर गुत्ता आहे आणि दार उघडं आहे? शेवटी गाठ सुटली ती आमच्यातल्या एका ताईंच्या बोलण्यानं. त्यांचा नवरा सहा वर्षं सोबर आहे. त्या म्हणाल्या, "मी घराला कुलपं लावून बघितली. कुलूप लावलं की त्याचं सगळं डोकं कुलपातच असायचं. तो थांबला तो माझ्यासमोरून जायची लाज वाटली तेव्हा."

तिथून सगळा नकाशा फिरला. मागची १० बाय ११ ची खोली झोपायची ठेवायचीच नाही. तिथे जेवणाचं टेबल आणायचं. मागच्या दाराकडे जायची वाट त्याच खोलीतून. संध्याकाळी पावणेसात ते आठ घरातली रोजची शेअरिंगची मिटिंग त्याच टेबलाभोवती, मग लगेच जेवण. म्हणजे बोळात बल्ब लागतो नेमक्या त्या वेळी दारापाशी घरातली सगळी माणसं बसलेली. फाटकाला आतून किल्ली न लागणारी कडी, आणि कडी सरकली की टेबलापाशी आणि केअरटेकरच्या खोलीत वाजणारी घंटा. ज्याला जायचंच आहे तो जाईल. पण सगळ्यांच्या समोरून आणि घंटा वाजवून जाईल, आणि कोणीतरी विचारेल, "कुठे निघालास रे?" वरच्या मजल्यावर दोन खिडक्यांच्या ग्रिलला आतून उघडणारी झडप करून घेतली.

याची किंमत मोजावी लागली. नऊ जागांच्या सात झाल्या. भाडं तेवढंच राहिल्यामुळे प्रत्येकाचा वाटा जवळजवळ तीस टक्क्यांनी वाढला, आणि नुकतीच नोकरी गेलेल्या माणसाला हा फरक झेपणारा नाही. पहिलं वर्षभर दोन जागांचा भार गटानं उचलायचा असं ठरलं. दोघांनी त्यासाठी आपल्या भिशीचे पैसे दिले.

कागद आणि शेजारी

आम्हाला काही हितचिंतकांनी सुचवलं होतं की फार खोलात जाऊ नका, पेइंग गेस्ट म्हणून दाखवा. ते मला पटलं नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था येतात. आणि आस्थापना म्हणजे फक्त इस्पितळ नव्हे. काळजी, उपचार, विश्रांती किंवा पुनर्वसनासाठी अशी माणसं जिथे राहतात ती जागाही तीत धरली आहे. नातेवाईक किंवा मित्रांसोबतचं कौटुंबिक घर तेवढं वगळलेलं आहे. आमचं घर कुठल्या बाजूला पडतं यावर वकिलांशी दोन बैठका झाल्या. शेवटी आम्ही ठरवलं की राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणीसाठी अर्ज करायचा आणि तो निकालात निघेपर्यंत एकालाही आत आणायचं नाही. याच कायद्याचं १९ वं कलम माणसाला समाजात राहण्याचा हक्क देतं. तो हक्क मागायचा तर दार आडून उघडायचं कशाला?

मालमत्ता पत्रकावर तीन भावंडांची नावं निघाली. त्यातले एक न्यू जर्सीत. त्यांच्या कुलमुखत्यारपत्राला दोन महिने गेले. लिव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचा न करता छत्तीस महिन्यांचा केला आणि नोंदवला. दर अकरा महिन्यांनी घर जाईल का या धास्तीत सोबर राहणं शिकता येत नाही. करारात वापराचा हेतू स्पष्ट शब्दांत लिहिला. घरमालकीणबाईंनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि सही केली.

सोसायटीची सभा कठीण गेली. एक काकू म्हणाल्या, "आमच्या पोरीबाळी याच रस्त्यानं क्लासला जातात." त्यांची भीती मला खोटी वाटली नाही. काकांनी केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणीतला आकडा सांगितला: देशात पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. आकड्यानं कोणाचंही मन हललं नाही. मग भाऊ उभे राहिले. आपलं नाव, आपली नऊ वर्षं, आपण आता कुठे नोकरी करतो, एवढंच सांगून बसले. पाच मिनिटं कोणी बोललं नाही. मग मागून एका आजोबांनी विचारलं, "रात्री गडबड झाली तर फोन कोणाला करायचा?" केअरटेकरचा आणि माझा नंबर आम्ही तिथेच फळ्यावर लिहिला. काय कबूल करतो तेही सांगितलं: घरात कोणी पिऊन आला तर त्याला त्या रात्री इथे ठेवणार नाही, पण रस्त्यावरही सोडणार नाही. अचानक दारू तुटल्यावर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, आणि ते घरात सांभाळायचं काम नव्हे. त्यासाठी रात्री साडेदहाला रिक्षानं ससून रुग्णालयापर्यंत जाऊन आम्ही वेळ लावली होती, पंचवीस मिनिटं. १०८ चा नंबर जिन्यात लावलेला असेल.

ना हरकत मिळाली, एका अटीवर: सहा महिन्यांनी पुन्हा सभेत येऊन सांगायचं. ही अट आम्ही घातली असती तरी चाललं असतं.

आजची स्थिती

छताची दुरुस्ती झाली. वायरिंग नवं आहे. कठडा वाढवला. फ्लशच्या टाक्या गेल्या. पत्र्याच्या खोलीत फक्त कपडे वाळत घालायचे, तिथे पलंग नाही. नोंदणीचा अर्ज दाखल आहे, घर रिकामं आहे, भाडं चालू आहे. रिकाम्या घराचं भाडं भरताना जीव वरखाली होतो, पण सात जणांना आत घेऊन मग एखाद्या कागदासाठी बाहेर काढणं त्याहून वाईट.

शेवटची पाहणी आम्ही मुद्दाम आषाढ अमावास्येच्या संध्याकाळी ठेवली. गटारी. वर्षातला तो दिवस जेव्हा बोळ सगळ्यात जास्त जागा असतो. मिटिंगच्या वेळी आम्ही सातही जण मागच्या खोलीत टेबलाभोवती बसलो. बाहेर क्रेट आपटत होते, कोणीतरी मोठ्यानं हसत होतं, भुर्जीचा वास येत होता. भाऊ उठले, कडी सरकवली, घंटा वाजली, आणि ते फाटकात जाऊन उभे राहिले. आम्ही आतून त्यांच्याकडे बघत होतो. सव्वाआठला ते आत आले, काकांची वही ओढून घेतली आणि पंधरावा मुद्दा लिहिला: "बोळात आपल्या फाटकापाशी दिवा नाही. महापालिकेला अर्ज द्यावा."